मधमाश्यांना आधी कळले

लॅचवेल,
शुक्रवार, १२ जून १९३१

प्रिय थिओडोरा,

सतरा वर्षांनंतर तुला पत्र लिहायला बसलो आहे आणि संबोधनापाशीच दोन टाक बदलून झाले. पहिल्याने तुझे नाव फार शाळामास्तरी उमटत होते, दुसऱ्याने फार हळवे. हा तिसरा टाक मुलांचे निबंध तपासण्याचा आहे. तेव्हा मध्येच एखाद्या शब्दाखाली उगाच रेघ ओढली गेली, तर तो हाताच्या सवयीचा दोष समज. शनिवारी तुझ्या काकांच्या दफनाला तू आली होतीस, तेव्हा आपला संवाद झाला तो एवढाच: तू म्हणालीस, "तुझे केस पांढरे झाले, अँब्रोज," आणि मी म्हणालो, "काही." एका लॅटिन शिक्षकाच्या मुखातून बाहेर पडलेले हे सर्वांत संक्षिप्त वाक्य असावे. मग तू सव्वाचारच्या गाडीने लंडनला निघून गेलीस. त्यानंतर जे घडले ते तुला ठाऊक नसण्याचा संभव आहे, कारण तुमच्या लंडनच्या वृत्तपत्रांनी त्याला क्रिकेटच्या धावफलकाखाली चार ओळींची जागा दिली. म्हणून वार्ता प्रथम सांगतो. सोमवारी सकाळी हेटी स्प्रॅगला, म्हणजे तुझ्या काकांच्या मोलकरणीला, पकडून नेले. गिडियन काका हृदय थांबून गेले, असे आपण सर्वांनी थडग्यापाशी उभे राहून मानले होते. आमच्या नव्या, तरुण आणि दुर्दैवाने कर्तव्यदक्ष डॉक्टरांनी मात्र ते मानले नव्हते. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांत झोपेच्या औषधाची एवढी मात्रा निघाली की तिने एक घोडाही निजला असता. ते औषध रोज हेटीच मोजून देत असे. मंगळवारी, सोळा तारखेला, मृत्युचौकशीचे काम पुन्हा सुरू होईल, आणि तोवर कोणी काही निराळे सांगितले नाही, तर त्या मुलीवर खुनाचा खटला उभा राहील. ती बावीस वर्षांची आहे. असल्या खटल्याचा शेवट कोठे होतो, हे तुला मी सांगायला नको.

आता या प्रकरणाशी माझा काय संबंध, असे तुझ्या मनात येईल. दुर्दैवाने गाव मला गुप्तहेर मानते. ही उपाधी मी मागितलेली नाही. एखादा त्वचाविकार जडावा तशी ती तू गाव सोडल्यानंतर मला जडली. प्रथम चर्चमधला चांदीचा पेला अंतर्धान पावला. तो मी ऑर्गनच्या सर्वांत जाड नळीतून काढून दिला, कारण त्या रविवारी खालचा षड्ज खोकत होता. पुढे पुष्पप्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कर्नल व्हिंटन यांच्या महाकाय भोपळ्याला कोणी तरी मिठाचे पाणी पाजून देवाघरी धाडले. ते पातक मी माग काढत थेट कर्नलसाहेबांच्या पत्नीपर्यंत नेले आणि तेथेच हळूच सोडून दिले. कारण कर्नलसाहेब त्या भोपळ्याला रोज ज्या आवाजात सुप्रभात म्हणत, तो आवाज त्या बाईंनी लग्नानंतर ऐकलेला नव्हता. अशा दोन-चार दिग्विजयांवर माझी कीर्ती उभी आहे. पोलिसांची पद्धत धावण्याची, माझी बसण्याची. डोळे मिटून, पाय पसरून, घटनांना आपापल्या गतीने मनात उतरू द्यायचे, यास मी चिंतन म्हणतो. माझ्या घरचे सर्व पाहणाऱ्या मिसेस टिबट यांचे मत निराळे आहे. कोणी भेटायला आले की त्या दारातच सांगतात, "मास्तर चिंतन करताहेत. घोरणं थांबलं की या."

हे प्रकरण ज्यांच्या हाती आहे, ते इन्स्पेक्टर मडलॉक बर्मिंगहॅमचे गृहस्थ आहेत. गवताच्या परागांनी त्यांना शिंका येतात, आणि जूनमध्ये आमच्या गावात परागांखेरीज दुसरे काही नसते. त्यामुळे त्यांचे प्रत्येक विधान स्वल्पविरामांनी भरलेले असते. सोमवारी ते माझ्या बैठकीत आले, माझ्या सर्वांत चांगल्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पेनिफोल्डसाहेब, तुम्ही कोडी सोडवता म्हणे." मी म्हटले, फावल्या वेळात. "मग ही केस सोडा, कारण हे कोडंच नाही. म्हातारा घरात एकटा. औषध पोरीच्या ताब्यात. सकाळी म्हाताऱ्यानं तिला कामावरून काढलं, अख्ख्या गल्लीनं ऐकलं. संध्याकाळी म्हातारा खलास, आणि औषधाचा पेला स्वच्छ धुऊन फडताळात पालथा! पेला कोण धुतं हो? मी धुतो? तुम्ही धुता?" मी धूत नाही, हे मला सलज्ज मान्य करावे लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मिसेस टिबट गरजल्या, "ते स्वतःचा रुमाल धूत नाहीत, पेल्याचं काय घेऊन बसलात!" इन्स्पेक्टरांनी ही साक्ष टिपून घेतली.

कामावरून काढण्याचे म्हणशील, तर तुझे काका हेटीला दर बुधवारी सकाळी कामावरून काढत असत. बुधवार हा तिच्या अर्ध्या सुट्टीचा दिवस. दुपारभर घरात एकटे राहावे लागणार, हे त्या मानी गृहस्थाला बोलून दाखवता येत नसे. म्हणून ते लापशी करपल्याचे निमित्त काढून तिला कायमची हाकलत. गुरुवारी सकाळी ती चहा घेऊन येई, ते मुकाट्याने चहा पीत, आणि प्रकरण पुढच्या बुधवारपर्यंत तहकूब होई. या मुलीवर त्यांचा किती जीव होता, हे मोजायचे झाले तर तिला किती वेळा काढले ते मोजावे. हे मी इन्स्पेक्टरांना समजावले. ते शिंकले.

त्या बुधवारी, तीन तारखेला, हेटी साडेसहाच्या बसने परतली. काका बागेकडे तोंड करून खुर्चीत, मांडीवर घोंगडी. झोप लागली आहे असे समजून तिने त्यांना तासभर उठवले नाही; आवाज होऊ नये म्हणून बूट काढून वावरली आणि त्यांच्यासाठी अंडे उकडले. ते अंडे इन्स्पेक्टरांनी पुरावा म्हणून जप्त केले आहे. मेलेल्या माणसासाठी अंडे उकडणे हा त्यांच्या मते कावेबाजपणाचा कळस. हेटीचे म्हणणे पुन्हा पुन्हा एकच: पेला मी धुतला नाही. आणि ती खरे बोलते आहे.

आता मधमाश्यांकडे येतो, थिओडोरा. तुला मी पहिल्यांदा पाहिले ते त्यांच्यामुळे. त्या गोष्टीला पंचवीस वर्षे झाली. मी नुकताच या गावात शिक्षक म्हणून आलो होतो, डोक्यात लॅटिन आणि डोक्यावर काळे केस होते, आणि तुझी हॅरिएट काकू त्याच सकाळी वारली होती. मी तुमच्या बागेच्या हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणाबाहेरून चाललो होतो. आत एक एकोणीस वर्षांची मुलगी काळ्या फिती घेऊन एकेका मधपेटीपाशी थांबत होती. घराच्या किल्लीने पेटीवर तीन टकटका, मग वाकून, अगदी शेजारणीच्या कानात सांगावे तशी ती म्हणत होती, "मालकीणबाई गेल्या. आता एकटे मालक आहेत. तुम्ही जाऊ नका." मी शहरातला शहाणा, थांबून विचारले, हे काय चालले आहे? तू वळूनही न पाहता म्हणालीस, "घरात मृत्यू झाला की माश्यांना सांगावं लागतं. नाही सांगितलं तर त्यांना अपमान वाटतो आणि त्या निघून जातात. बावीस वर्षांच्या पेट्या आहेत. गप्प उभे राहा." मी गप्प उभा राहिलो. तसा मी पुढे आठ वर्षे उभा होतो आणि नवव्या वर्षी त्याच पेट्यांपाशी तुला मागणी घातली. ते भाषण चाळीस मिनिटांचे होते. तू मधाने चिकट झालेले हात हवेत धरून ते ऐकलेस आणि शेवटी म्हणालीस, "अँब्रोज, क्रियापद कधी येणार?" त्याच शरद ऋतूत तू युद्धाच्या इस्पितळात परिचारिका म्हणून गेलीस. काका म्हणाले, गेलीस तर या उंबऱ्यावर परत पाऊल ठेवू नकोस. तो माणूस आपल्या शब्दाचा किती पक्का होता, हे आपण दोघांनी सतरा वर्षे अनुभवले.

तर, काका गेल्याचे बुधवारी संध्याकाळी गावाला कळले आणि गुरुवारी सकाळी गावाने पाहिले की सातही पेट्यांवर काळ्या फिती आहेत. कोणालाही आश्चर्य वाटले नाही. येथेच आम्हा लॅचवेलकरांची एक जन्मजात चूक झाली. जे व्हायलाच हवे असते, ते कोणी तरी केलेच असणार, असे आम्ही गृहीत धरतो. इन्स्पेक्टर बर्मिंगहॅमचे, त्यांना वाटले, फिती शोभेसाठी असतील. हेटीला नेल्यानंतर, मंगळवारपासून, मी दारोदार फिरू लागलो. प्रश्न एकच: गिडियन लॅरिमोर गेल्याचे माश्यांना कोणी सांगितले?

शेजारच्या मिसेस गेल म्हणाल्या, "मी नाही बाई. मला वाटलं, पाद्रीणबाईंनी सांगितलं." पाद्रीणबाई म्हणाल्या, "अहो, धर्माच्या घरातली माणसं आम्ही! माश्यांशी बोलताना कोणी पाहिलं तर बिशप काय म्हणतील? जेबेझ माळी आहे ना, त्यानं सांगितलं असेल." जेबेझ माळी गुडघा चोळत म्हणाला, "मास्तर, त्या पेट्यांपाशी जायला मला सकाळी निघावं लागतं. मिसेस गेलनीच सांगितलं असणार, त्यांना कुणाला तरी काही तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही." अशा रीतीने मी तीन दिवसांत संपूर्ण गावाची प्रदक्षिणा केली आणि आरंभबिंदूपाशी परत आलो. गावातल्या कोणीही माश्यांना सांगितले नव्हते. हेटी ब्रिस्टलची; तिला ही रीत ठाऊकही नव्हती आणि माश्यांच्या वीस पावलांच्या आत ती कधी गेलेली नव्हती.

परत येताना मिसेस टिबट यांना मी पेट्यांपाशी घेऊन गेलो. त्यांनी फितीला हात लावला आणि नाक मुरडले. "ही काय गाठ म्हणायची? फितीचं फूल नाही, काही नाही. दुखऱ्या हाताला पट्टी बांधावी तशी चपटी गाठ. ज्यानं बांधली त्याला सुतक कळतं, सजावट कळत नाही." मी त्यांना म्हटले, मिसेस टिबट, आपण फार मोठ्या गुप्तहेर आहात. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण तुमचा चेहरा असा का पडलाय?"

माझा चेहरा का पडला होता, ते आता लिहिणे भाग आहे. येथवर मी विदूषकी करत आलो, ती बहुधा हे लांबवण्यासाठीच. त्या बुधवारी दुपारी शाळा लवकर सुटली. मी नेहमीप्रमाणे तुमच्या बागेच्या कुंपणापलीकडील वाटेने निघालो. हवा अशी होती की तिच्यात चालण्यापेक्षा तरंगणे सोपे. टेकडीखाली पहिले गवत कापले होते आणि त्याचा वास उन्हात शिजत होता. लिंडनच्या झाडांवर मोहोर होता, आणि सात पेट्यांतून येणारा तो गुंजारव. एखाद्या दूरच्या देवळात सगळे जण एकाच अक्षरावर अडकून राहिले असावेत तसा. मी कुंपणाच्या पायरीवर बसलो. चिंतन करावे, असा उदात्त हेतू होता. झाडांच्या सावल्या माझ्या पुस्तकावरून पाण्यासारख्या सरकत गेल्या, अक्षरे पाण्याखाली गेली, मग मीही गेलो. आणि त्या पाण्याखाली मला तीन टकटका ऐकू आल्या. मग तुझा आवाज: "मालक गेले. आता..." येथे तो आवाज थांबला. रीतीप्रमाणे नव्या मालकाचे नाव घ्यायचे असते, आणि घ्यायला नाव नव्हते. बराच वेळ केवळ गुणगुण. मग: "आता कोणी नाही. तरी जाऊ नका." पुढच्या पेटीवर पुन्हा तीन टकटका. असे सात वेळा. मी डोळे उघडले नाहीत. तुझा आवाज मी स्वप्नात ऐकतो ही माझ्या बाबतीत नवलाईची घटना नव्हे. सतरा वर्षांचा सराव आहे, आणि अशा वेळी डोळे उघडले की काय होते, हे मला पुरते ठाऊक आहे. फक्त एक गोष्ट खटकली. स्वप्नात तू नेहमी हसत असतेस. ही तू रडत होतीस.

मी उठलो तेव्हा चर्चच्या घड्याळात पाच वाजत होते. बागेत कोणी नव्हते. पेट्यांवर काळ्या फिती होत्या. त्या पाहूनही मी घरी गेलो, चहा घेतला आणि स्वतःस समजावले की जागेपणीही माणसाला काही काळ स्वप्नाची शेपटी दिसत राहते. हेटी बसमधून उतरायला तेव्हा दीड तास होता.

त्याच रात्री आमच्या हवालदाराने मला विचारले, "मास्तर, दुपारी तुम्ही त्या वाटेवर होता. कुणाला पाहिलंत?" मी म्हणालो, नाही. अक्षरशः सत्य. डोळे मिटलेला मनुष्य काहीही पाहत नाही. विद्यार्थ्यांना ज्या पळवाटेबद्दल मी पंचवीस वर्षे छडी दाखवत आलो, त्या पळवाटेतून मी स्वतः इतक्या सफाईने निसटलो की मला माझा अभिमान वाटला. तो अभिमान सोमवारी सकाळपर्यंत टिकला.

पुढचे मला कळले आहे की मी ते रचले आहे, हे तूच ठरव. पोस्टातल्या मिस ऑलप यांनी काल मला सांगितले, "लॅरिमोर साहेबांनी त्या बुधवारच्या आदल्या सोमवारी लंडनला पत्र टाकलं. अक्षर इतकं थरथरलेलं की पत्ता मला दोनदा वाचावा लागला. वाचला म्हणजे, दिसला. मी काही वाचत नाही." ही गोष्ट त्यांनी इन्स्पेक्टरांना सांगितली नाही, कारण इन्स्पेक्टरांनी पोस्टात येऊन साधा नमस्कारही केला नव्हता. म्हणजे काकांनी तुला बोलावले. सतरा वर्षांनी, आणि बुधवारी दुपारी, हेटी घरात नसताना. ईस्टरपासून त्यांच्या वेदना असह्य झाल्या होत्या. तू जंक्शनवर उतरून टेकडीवरून चालत आलीस, त्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलेस. त्या खोलीत काय बोलणे झाले, ते मी विचारत नाही. पण औषध तू दिले नाहीस, हे मला अंकगणितासारखे स्पष्ट दिसते. ते देण्यासाठी तुला बोलावले असते तर तू नकार दिला असतास, आणि तू नकार देशील हे ते जाणत होते. तुझा नकार गावात आम्हा दोघांनाच नीट परिचित आहे. त्यांना तुझ्याकडून मदत नको होती. जाण्यापूर्वी तुला एकदा पाहायचे होते. बहुधा तू चहा करायला आत गेलीस, आणि परत आलीस तेव्हा पेला रिकामा होता.

मग तू तो धुतलास. परिचारिकेचे हात; खरकटे भांडे त्यांना पाहवत नाही. पण त्यामागे विचारही होता. आत्महत्येचा शिक्का बसला तर काकांना काकूशेजारी जागा मिळणार नाही, चर्चच्या उत्तरेकडच्या खाचखळग्यात कोठे तरी पुरतील, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. म्हणून बाटली जागेवर, पेला फडताळात, घोंगडी मांडीवर. वृद्ध, आजारी मनुष्य, हृदय थांबले, कोण शंका घेणार? शंका मोलकरणीवर येईल, हे तुझ्या स्वप्नातही नव्हते. सर्व खुणा पुसून तू निघालीस. आणि फाटकापाशी तुझे पाय थांबले. माणसांना न सांगता तू जाऊ शकत होतीस, थिओडोरा. मधमाश्यांना न सांगता जाणे तुला जमले नाही.

आणखी एक गोष्ट. काकांच्या टेबलावर दौत उघडी होती आणि शाई वाळलेली. ज्या मनुष्याने कोंबड्यांना कोंडायचे कसे, याचे लेखी आदेश दारावर चिकटवले, सूर्यघड्याळ कसे वाचावे याची सूचना सूर्यघड्याळावर बांधली, तो मनुष्य या जगातून एक ओळ न लिहिता जाईल यावर माझा विश्वास नाही. ती ओळ खोलीत सापडली नाही. ती तुझ्यापाशी आहे. निदान तशी माझी प्रार्थना आहे; कारण ती नसेल, तर हेटी सुटेल आणि त्या कोठडीत तिच्या जागी तू बसशील, आणि मग माझ्या चिंतनाला जगात काही अर्थ उरणार नाही.

काल संध्याकाळी मी आमच्या पाद्रींना, रेव्हरंड क्विलर यांना, एक सैद्धांतिक प्रश्न विचारला: एखादा मनुष्य पवित्र भूमीत पुरल्यानंतर त्याने स्वतःच जीव दिला असे निघाले तर? ते गुलाबांना पाणी घालत होते. झारी खाली न ठेवता म्हणाले, "पेनिफोल्ड, एकदा पुरलेला माणूस मी उकरत नाही. ते माझ्या शास्त्रालाही झेपत नाही आणि कंबरेलाही. हॅरिएटशेजारी तो झोपलाय, झोपू दे." मग पुढच्या झुडपाकडे वळून म्हणाले, "आणि तो सैद्धांतिक मनुष्य वेदनेनं वेडापिसा झाला होता, असं मी सैद्धांतिक चौकशीत शपथेवर सांगेन." तेव्हा ज्या कारणासाठी तू गप्प राहिलीस, ते कारण आता उरलेले नाही.

आज सकाळी मी कोठडीत जाऊन हेटीला भेटलो. तिने माझे स्वागत स्वतःच्या घरी करावे तसे केले, फळकुट पुसून मला बसायला दिले. म्हणाली, "साहेब, जेवण वाईट नाही, पण लापशी करपवतात. मालक असते तर सगळ्यांना कामावरून काढलं असतं." मग तिने फळकुटाची कड पुन्हा एकदा पुसली. ती म्हणाली, "इथल्या पहाऱ्यावरच्या बाई सांगतात, रडून घे, बरं वाटेल. पण मी त्यांना म्हटलं, आमचे मास्तर शोधताहेत. त्यांनी ऑर्गनमधून पेला शोधला, मला नाही का शोधणार? तुम्हाला काही सापडलं का, साहेब?" मी म्हणालो, थोडेसे. ती म्हणाली, "थोडंसं पुरे. मी निर्धास्त आहे." मी बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभा राहिलो.

कारण मी शोधत नव्हतो, थिओडोरा. मला पहिल्याच रात्री ठाऊक होते. तीन दिवस मी दारोदार फिरलो, तो माश्यांना कोणी सांगितले हे शोधण्यासाठी नव्हे. कोणी तरी, कोणीही, खोटे का होईना, "मी सांगितले" म्हणेल आणि माझे स्वप्न पुन्हा स्वप्न होईल, या आशेने फिरलो. एकही जण खोटे बोलला नाही. खोटे बोलणारा गावात मी एकटाच निघालो. चार दिवस एक निरपराध मुलगी माझ्या बुद्धीवर विसंबून कोठडीत बसली आहे, आणि मी तुझा आवाज कोणाला द्यायचा नाही म्हणून डोळे मिटून बसलो आहे. मंगळवारी दहा वाजता मला साक्षीला उभे राहायचे आहे. या वेळीही मला फक्त काय पाहिले एवढेच विचारले, तरी मी काय ऐकले ते सांगणार, तुझ्या नावासकट. हे भर दालनात परक्याच्या तोंडून तुझ्यावर कोसळू नये, तुला तीन दिवस मिळावेत, काकांचे लिखाण हातात घेऊन तू स्वतः यावेस, म्हणून हे पत्र. लंडनहून येणारी पहिली गाडी नऊ वीसला पोचते. मी फलाटावर असेन. उतरलीस तर आपण बरोबर आत जाऊ आणि तू बोलशील तेवढा वेळ मी तुझ्या शेजारी बसेन. पुढे जे काही होईल त्यातही, तुझी हरकत नसेल तर. उतरली नाहीस तर गाडी सुटेपर्यंत थांबेन आणि मग एकटा जाईन. तुझ्यावर माझे प्रेम आहे, हे सतरा वर्षांत एकदाही नीट सांगता आले नाही आणि आज सांगतो आहे ते अशा वेळी. पण हेटी आजही दाराकडे पाहत बसली असेल.

कोणत्याही परिस्थितीत तुझाच,
अँब्रोज